ठेवायचे पिस्तूल, झाडायचे पिस्तूल

केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्रांविषयीच्या नियमांत जी सुधारणा केली, तिच्याकडे नामवंत नेमबाजांना अधिक शस्त्रे बाळगण्याची मुभा देणारी सुधारणा म्हणूनच बहुतेकांनी पाहिले; परंतु तिच्यातील दुसऱ्या एका तरतुदीने जुन्या पिस्तुलांच्या मालकांपुढचा मूळ प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. ‘क्युरिओ’, म्हणजे दुर्मीळ व संग्राह्य वस्तू, या वर्गात मोडणारे हातशस्त्र मिळवण्यासाठी आणि जवळ ठेवण्यासाठी भारतीय नागरिकाला परवान्याची गरज नाही. मात्र ते वापरायचे, बरोबर न्यायचे किंवा एका जागेवरून दुसरीकडे हलवायचे झाल्यास रीतसर परवाना लागेल, आणि परवान्यावर त्या शस्त्राची नोंद असल्याशिवाय त्यासाठी काडतुसे विकली जाणार नाहीत, असे ही तरतूद सांगते. एकच वस्तू कपाटात असताना वारसा ठरते आणि तिच्यात काडतूस जाताच शस्त्र ठरते, ही ती रेषा होय. जुने मूळ पिस्तूल घ्यावे की त्याच घडणीचे नंतरचे पिस्तूल घ्यावे, या निवडीत लोखंड, बाजार आणि कायदा हे तिघेही जवळपास याच रेषेपाशी येऊन थांबतात.

येथे तीन वस्तूंची गल्लत टाळली पाहिजे. पहिली म्हणजे मूळ शस्त्र, जे त्या नमुन्याच्या काळात त्याच्या पहिल्या कारखान्यात तयार झाले. दुसरी म्हणजे झाडण्यायोग्य प्रतिकृती, जी पुढच्या काळात नव्या पोलादातून जुन्या मापांबरहुकूम घडवली जाते आणि जिची नळी अधिकृत चाचणीतून गेलेली असते. तिसरी वस्तू शोभेची, भिंतीवर टांगण्यासाठी ओतीव धातूची बनवलेली, जिच्यात दारू भरणे म्हणजे स्वतःच्या बोटांशी वैर धरणे. बाजारात तिसरी वस्तू पहिलीच्या नावाने आणि कधी कधी दुसरीच्या किमतीला विकली जाते, म्हणून ही वर्गवारी कोरडी वाटली तरी खरेदीपूर्वी ती पाठ असलेली बरी.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा आणि उदगीर हा टापू या प्रश्नाला अपरिचित नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी उभ्या होत्या, आणि चकमकीच्या बंदुका, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या बंदुका, शिस्तीने झाडणारे पायदळ या मुलखाने तेव्हाच पाहिले. पुढे निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सरदाराच्या काळात हैदराबादेत तोफा आणि बंदुका घडू लागल्या. तिथल्या ‘तोप का साँचा’ या कारखान्याच्या नावाने शहराचा एक भाग आजही ओळखला जातो. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये शस्त्रांचे पूजन हा तर नित्याच्या उपासनेचा भाग आहे, आणि खंडेनवमीला गढीतल्या तलवारीशेजारी एखादे जुने रिव्हॉल्व्हर पूजेला मांडलेले दिसणे मराठवाड्यात कोणाला विशेष वाटत नाही. अडचण उरते ती कागदांची. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, नंतर हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात आला, आणि तिथेही १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होता. त्यामुळे तीन पिढ्या घरात असलेल्या शस्त्राचा मागोवा घ्यायचा म्हटले तर दप्तरे धुंडाळावी लागतात तीही एकाहून अधिक ठिकाणी. संग्राहकाच्या लेखी मात्र हेच कागद निम्मी किंमत ठरवतात, कारण कोणाच्या नावावर, कोणत्या साली, कोणत्या दुकानातून हे ज्याला दाखवता येते त्या पिस्तुलाला इतिहास असतो आणि बाकीच्यांना नुसते वय.

भारतातील जुन्या परवानाधारक घराण्यांत ज्या एका नावाला विशेष मान आहे ते म्हणजे वेब्ली. बर्मिंगहॅमची पी. वेब्ली अँड सन ही पेढी १८९७ मध्ये डब्ल्यू. अँड सी. स्कॉट आणि रिचर्ड एलिस यांच्याशी एकत्र होऊन वेब्ली अँड स्कॉट झाली. तिचे रिव्हॉल्व्हर १८८७ पासून ब्रिटिश सेनेत होते. पहिल्या महायुद्धातील मार्क सिक्स हे .४५५ बोअरचे, तर दुसऱ्या महायुद्धात सैन्याने घेतलेले मार्क फोर .३८ बोअरचे. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, आणि भारतात सगळा खेळ या व्यासावर आहे. सैन्याची .३८० किंवा .४५५ काडतुसे अथवा ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यात बसतात ती पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे आपल्या शस्त्र नियमांनी सामान्य परवान्याबाहेर ठेवली, ज्यांना बोलीत ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात. त्यामुळे जगभर नावाजलेली लष्करी वेब्ली येथे सर्वसामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर राहिली आणि तिचीच लहान बहीण, .३२ बोअरची मार्क फोर, देशमुख, वकील, डॉक्टर, कारखानदार अशा मंडळींच्या कमरेला आली.

या मूळ वेब्लीचा पुरवठा दोन्ही बाजूंनी आटला. बर्मिंगहॅमच्या पेढीने १९७९ मध्ये अग्निशस्त्रे बनवणे थांबवून केवळ हवेच्या बंदुका चालू ठेवल्या, आणि १९८० च्या दशकात भारताने शस्त्रांची खुली आयात बंद केली, जी आजही नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद वगळता बंदच आहे. जी शस्त्रे त्याआधी देशात आली तीच हातोहात फिरत राहिली, आणि परदेशात मध्यम किमतीला मिळणारे साधे रिव्हॉल्व्हर येथे दुर्मीळ होऊन बसले. भारतीय बाजारातील जुन्या विलायती शस्त्राची किंमत त्याच्या गुणांपेक्षा या अडवलेल्या बंधाऱ्यामुळे चढलेली आहे, हे घेणाऱ्याने मनाशी स्पष्ट ठेवावे. गुण आणि टंचाई यांचे मोल एकाच आकड्यात मिसळले की नेम कोणाचा चांगला लागेल हा प्रश्न बाजूलाच पडतो.

वेब्लीची घडण मात्र भारतातून गेली नाही. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने नागरिकांसाठी बनवलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर हे उघडउघड मार्क फोरच्या वळणाचे आहे: वरचा खटका दाबला की नळी आणि सहा घरांचा फिरता सिलिंडर पुढे कलून मधोमध उघडणारे, आणि उघडता उघडता रिकामी सहाही टरफले एका ताऱ्यासारख्या पट्टीने वर उचलून बाहेर टाकणारे. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे हलके रूप काढले, ज्याची तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती आणि जिच्यावर बरीच टीकाही झाली. त्यानंतर २०२० मध्ये वर्तुळ पुरे झाले: वेब्ली अँड स्कॉटने लखनौच्या सियाल मॅन्युफॅक्चरर्सबरोबर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे उत्पादन सुरू करून .३२ चे मार्क फोर सुमारे एक लाख साठ हजार रुपयांना बाजारात आणले.

येथे संग्राहकांत वाद होतो, आणि तो निरर्थक नाही. संडीलाच्या शस्त्रावर अस्सल नाव आहे परंतु बर्मिंगहॅमचे कारागीर नाहीत; कानपूरच्या शस्त्रावर नाव नाही, तरी घडणीची परंपरा अधिक दीर्घ काळ अखंड चाललेली आहे. मग यातील प्रतिकृती कोणती आणि वंशज कोणता? नाव विकत घेता येते आणि घडण हातातून हातात जाते, हे मानले तर कानपूरचे पारडे थोडे जड आहे. पण संग्रहाच्या दृष्टीने दोन्ही मूळ नव्हेत आणि झाडण्याच्या दृष्टीने दोन्ही नवी आहेत, एवढे म्हटले तरी निवडीपुरते काम भागते. दोहोंत आणखी एक सोय समान आहे: त्यांना लागणारे .३२ चे काडतूस देशातच, पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनते, ज्याची ‘केएफ’ ही अक्षरे टरफलाच्या बुडाशी उमटवलेली असतात.

मूळ वेब्ली हाती आली की तिच्याकडे पाहायचे कसे, हे थोडे जवळून सांगणे आवश्यक आहे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, तेही परवानाधारकाच्या किंवा परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती असताना, प्रथम शिक्के वाचावेत. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस, म्हणजे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू झाडून ती फुटत नाही ना हे तपासणारी संस्था, १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले आणि तिचे मुकुटांकित शिक्के नळीवर व सिलिंडरच्या प्रत्येक घरावर असतात; त्यांत ‘एनपी’ किंवा १९५४ नंतरच्या शस्त्रांवर ‘बीएनपी’ ही अक्षरे दिसली तर ती वस्तू धुररहित दारूसाठी तपासलेली आहे. युद्धकाळातील .३८ च्या मार्क फोरवर खडबडीत कामाची कबुली म्हणून ‘वॉर फिनिश’ असे शब्द ठोकलेले आढळतात, आणि गंमत अशी की आज संग्राहक तो खडबडीतपणाच शोधत असतात. शिक्क्यांनंतर अनुक्रमांक: सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक जुळत नसेल तर केव्हातरी भाग बदललेला आहे. मग शस्त्र बंद करून नळी धरून हलवावी: वरचा खटका झिजला असेल तर सांध्यात डुगडुग जाणवते, आणि प्रत्येक बाराबरोबर ती वाढत जाते. घोडा हळूच मागे ओढला असता सिलिंडरचे घर नळीच्या अगदी समोर येऊन अडते की किंचित बाजूला राहते, हेही पाहावे. बाजूला राहिले तर गोळीचे शिसे कडेला खरवडले जाऊन बाहेर उडते. शेवटी उजेडाकडे धरून नळीत डोकावावे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळाल्यावर मिठासारखा क्षार मागे ठेवत असे, तो हवेतला ओलावा शोषून घेई, आणि एका पावसाळ्यात न पुसलेली नळी आतून देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची होई.

या तपासणीत पास झालेली .३२ वेब्ली झाडली तर ती हातात फुटेल, अशी भीती घालण्याचे कारण नाही. ती धुररहित दारूसाठीच बनली आणि तिचे काडतूस सौम्य आहे. तिच्या बाबतीत धोका आहे तो झिजेचा. सुटे भाग ज्या कारखान्यातून आले असते तो भाग बनवत नाही, आणि आतली चपटी कमान एकदा तुटली की हाताने घडवलेली कमान बसवावी लागते, म्हणजे शस्त्र चालू होते पण मूळ राहत नाही. त्याहून मोठे नुकसान प्रेमापोटी होते: मालक जुनी, विटलेली निळसर झिलई घासून काढून नवी चढवतो, शिक्क्यांच्या कडा पुसट होतात, आणि चकचकीत झालेल्या शस्त्राची संग्राह्य किंमत त्या एका दुपारी धुऊन जाते.

धुरकट काळ्या दारूच्या जमान्यातील पिस्तुलांची गोष्ट वेगळी. तिथे धातूच निराळा आहे. कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर, ज्याच्या प्रत्येक घरात वेगळी दारू व गोळी ठासून मागे टोपी बसवायची, ते त्या काळच्या मऊ लोखंडाचे व पोलादाचे आहे. दीड शतकापूर्वीच्या अशा नळीत आतून काय झाले आहे हे बाहेरून कळत नाही, आणि त्यात आधुनिक धुररहित दारू भरणे हा सरळ आत्मघात आहे. हा भेद केवळ एकोणिसाव्या शतकापुरता नाही. अमेरिकी सैन्याच्या १९११ च्या कोल्ट पिस्तुलाच्या सुरुवातीच्या प्रतींतील वरचा सरकता भाग उष्णतेने पुरेसा कठीण केलेला नसे, म्हणून त्या प्रती पुष्कळ झाडल्यास त्याला तडा जातो; तेथील जाणकार संग्राहक पहिल्या महायुद्धातील प्रत कपाटात ठेवतात आणि झाडण्यासाठी नव्या पोलादाची प्रत घेतात.

झाडण्यायोग्य प्रतिकृतींचा धंदा ज्या एका खोऱ्याने उभा केला ते इटलीतील ब्रेशियाजवळचे व्हाल त्रोंपिया, जिथे शतकानुशतके नळ्या घडत आल्या. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येत होती आणि त्या युद्धातली रिव्हॉल्व्हरे झाडून पाहायची हौस अमेरिकेत वाढत होती. व्हॅल फॉर्गेट या अमेरिकी व्यापाऱ्याने ती हौस ओळखून १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत कोल्ट नेव्हीच्या प्रतिकृती बनवून घेतल्या. दाविदे पेदेरसोली ही पेढी १९५७ मध्ये आणि आल्दो उबेर्ती १९५९ मध्ये सुरू झाली. या शस्त्रांची नळी त्याच खोऱ्यातल्या गार्दोनेच्या सरकारी प्रूफ हाउसमध्ये तपासली जाते, काळ्या दारूसाठीची ‘पीएन’ अक्षरे आणि चौकटीतली वर्षाची खूण तिच्यावर ठोकली जाते, आणि ही चौकट घासून काढलेली दिसली की कोणीतरी प्रतिकृतीला मूळ म्हणून खपवू पाहत आहे असे समजावे. इटालियन प्रतीही निर्दोष नसतात: आतल्या कमानी व खटके मऊ निघतात, आणि नळी ज्या दांडीवर बसते ती काही प्रतींत आखूड राहिल्याने सांधा सैल पडतो. तरी बिघडलेला भाग टपालाने मागवता येतो, आणि घासला, वाकवला, बदलला तरी इतिहासाचे काही जात नाही, हा प्रतिकृतीचा सर्वांत मोठा गुण आहे. पुढे तर उलटेच घडले: खुद्द कोल्टने १९७१ ते १९८२ या काळात आपली टोपीवाली जुनी रिव्हॉल्व्हरे पुन्हा काढली आणि आज त्या पुनरावृत्तीचेच संग्राहक आहेत, ज्यांतले काही जण ती न झाडता पेटीत ठेवतात.

तोंडाने ठासायच्या शस्त्रांची आंतरराष्ट्रीय संघटना, जी ‘एमएलएआयसी’ या अक्षरांनी ओळखली जाते, या प्रश्नावर सर्वांत शहाणपणाने वागली असे म्हणता येईल. तिच्या जागतिक स्पर्धांत मूळ शस्त्रांचा आणि प्रतिकृतींचा असे दोन वेगळे वर्ग ठेवलेले आहेत. स्पर्धकाला अर्ध्या तासात तेरा बार झाडायचे असतात आणि त्यांतले उत्तम दहा मोजले जातात. म्हणजे मूळ पिस्तूल झाडूच नये असे ती म्हणत नाही. पण ते झाडणाऱ्याने हलकी दारू, सावध हात आणि स्वतःच्या जबाबदारीची जाण घेऊन यावे, आणि नव्या पोलादाशी त्याची तुलना होऊ नये, एवढी व्यवस्था तिने केली. खुद्द वेब्लीच्या मायदेशात १९९७ च्या कायद्यांनी नागरिकांची बहुतेक पिस्तुले काढून घेतली, तेव्हा ऐतिहासिक पिस्तुलांसाठी दोन वाटा ठेवल्या: काही जुनी शस्त्रे, ज्यांचे काडतूस सहज मिळत नाही, घरी संग्रहात ठेवता येतात, बाकीची ठरवून दिलेल्या जागी ठेवायची आणि तिथेच झाडायची. दिल्लीने २०२० मध्ये आखलेली रेषा या वाटांपासून फार दूर नाही.

भारतीय वारसाला ही निवड जास्त महाग पडते, कारण त्याच्याकडे जागाच दोन आहेत. डिसेंबर २०१९ च्या शस्त्र सुधारणा कायद्याने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने मिळालेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाईल असे स्पष्ट केले; परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाच्या निधनानंतर, अथवा तो हयात असताना त्याने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले की, कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. आजोबांच्या वेब्लीने एक जागा अडवली आणि पिकाच्या राखणीची बारा बोअरची बंदूक दुसऱ्या जागी बसली, की झाडण्यासाठी नव्या रिव्हॉल्व्हरला वाव उरत नाही. मग रानडुकरांनी हरभरा उकरणाऱ्या शिवारातला शेतकरी, ज्याला हातशस्त्राची खरी गरज फारशी नाही, वेब्लीच ठेवतो आणि वर्षातून एकदा तिचे दोन बार काढतो. संग्रहाच्या दृष्टीने हे सर्वांत वाईट, कारण शस्त्र झिजतेही आणि त्याने नेमही सुधारत नाही. त्यातच निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. जमा करताना तेलाचा हात फिरवून, अनुक्रमांक व शिक्क्यांची छायाचित्रे काढून आणि पावतीवर शस्त्राचे पूर्ण वर्णन लिहवून घेतल्यास परत मिळालेली वस्तू तीच आहे हे दाखवता येते.

नेमबाजीचा खेळ म्हणून विचार केला तर दोन्ही पर्याय गैरलागू आहेत. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले तो प्रकार .२२ च्या खास क्रीडा पिस्तुलांचा आहे, आणि लातूर-नांदेडच्या मुलाने सुरुवात करायची तर ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाने करावी, ज्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर त्याला परवानाही लागत नाही. मार्क फोरची आखूड नळी आणि जड चाप जवळच्या अंतरासाठी आहेत. पंचवीस मीटरवर ते कानपूरचे असो वा बर्मिंगहॅमचे, शाळकरी मुलाचे हवेचे पिस्तूल त्याला कागदावर सहज हरवते. म्हणून ‘जुन्या विलायतीचा नेमच वेगळा’ ही दुकानातली बोली किमतीच्या घासाघिशीपुरती ऐकावी.

ज्याच्या घरी शिक्के शाबूत, क्रमांक जुळणारी आणि मूळ झिलईची .३२ वेब्ली आहे त्याने ती झाडणे थांबवावे, आणि बार काढायचेच असतील तर दुसऱ्या जागी कानपूरचे किंवा संडीलाचे शस्त्र घ्यावे. ज्याची वेब्ली आधीच पुन्हा झिलई केलेली, भाग बदललेली, नळीत खड्डे पडलेली आहे त्याला ही काटकसर करण्याचे कारण नाही, तपासून घेऊन त्याने ती खुशाल वापरावी. चालू स्थितीतील रिव्हॉल्व्हर जुने आहे म्हणून आपोआप ‘क्युरिओ’ होते असे मालकाने स्वतःच ठरवू नये; जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी उत्तर येईपर्यंत ते परवान्यावरच राहू द्यावे. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधील सूटही केवळ अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्रांना आहे जी दुरुस्त करूनही झाडता येत नाहीत, आणि तेल घातल्यावर जिचा घोडा अजून कडकन पडतो ती वेब्ली त्यांत बसत नाही. वस्तू शंभर वर्षांपुढची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो, ज्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलाला आजोबांचे पिस्तूल आठवण म्हणून पाठवण्याचा बेत तिथेच संपतो, आणि मग शस्त्राबरोबरचे परवान्याचे जुने पुस्तक, दुकानाची पावती, पट्ट्याचे कातडी म्यान हे सारे ज्याच्या नावावर परवाना होणार आहे त्या घरातल्याच माणसाकडे एकत्र राहील हे पाहावे लागते.